खाऱ्या पाण्याच्या टाकीत नवा मासा का टिकत नाही?

प्रश्न ठाण्याहून आला आहे. थोडक्यात असा: ३०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी, सुरू करून आठ महिने झाले. लाइव्ह रॉक (जिवाणूंनी भरलेला प्रवाळी दगड) आहे, थोडे सॉफ्ट कोरल आहेत, क्लाउनफिशची जोडी आणि दोन क्लीनर श्रिंप व्यवस्थित आहेत. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट १० च्या आसपास, सॅलिनिटी, म्हणजे खारेपणा, १.०२५ (विशिष्ट गुरुत्वाच्या मापात). पण दिवाळीनंतर आणलेला एकही नवा मासा दहा दिवसांच्या वर जगला नाही. शेवटचा ब्लू टँग तिसऱ्या दिवशी दगडाला अंग घासायला लागला, चौथ्या दिवशी पॉवरहेडच्या, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, धारेत तोंड खुपसून उभा राहिला आणि पाचव्या दिवशी सकाळी मेलेला सापडला. अंगावर बारीक भुकटी बसल्यासारखी दिसत होती. दुकानदाराचं म्हणणं, पाण्यातच दोष आहे, आणि ड्रिप, म्हणजे पिशवीत टाकीचं पाणी थेंब थेंब सोडून माशाला सरावणं, दोन तासांऐवजी चार तास करा. आता काय करावं, आणि ब्लू टँग पुन्हा आणू का?

तुमच्या पाण्यात दोष नाही, आणि ड्रिप चार तासांची केलीत तर नुकसान वाढेल. त्याच पाण्यात क्लाउनची जोडी आठ महिने खाऊन-पिऊन नांदते आहे. नवे मासे मरताहेत ते दोन कारणांनी. एक, ते तुमच्या दारात येतात तेव्हाच निम्मे खचलेले असतात. दोन, तुमच्या टाकीत आता परजीवी मुरलेला आहे. दोन्हींवर उपाय आहेत, पण ते शोभेच्या टाकीत करता येत नाहीत. त्यासाठी बाजूला एक साधी, रिकामी, वाळू-दगड नसलेली टाकी, म्हणजे क्वारंटाइन टाकी, लागते. नव्या माशाचं जगणं-मरणं तिथल्या पहिल्या चार-पाच आठवड्यांत ठरतं. हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण ज्या ज्या घरी ही दुसरी टाकी आली तिथे मासे टिकायला लागलेले मी पाहिले आहेत, आणि जिथे ती आली नाही तिथे महागडी उपकरणं घेऊनही मरणं थांबलेली नाहीत.

मासा मेला की मी पहिला प्रश्न विचारतो: कितव्या दिवशी? चोवीस तासांच्या आत गेला, तर बहुतेक वेळा प्रवास, पिशवीतला अमोनिया किंवा खारेपणातला झटका; या झटक्याने मासा कधी दोन दिवसांनीही जातो. दुसऱ्या ते सहाव्या दिवसात, आधी जोरजोरात श्वास आणि मग अचानक शेवट, तर व्हेल्व्हेट हा परजीवी रोग. क्लाउन असेल आणि अंगावरून पांढरा चिकट थर सुटत असेल तर ब्रुकलिनेला, हाही एक परजीवी. याच दिवसांत पर फाटलेले, मासा कोपऱ्यात वरच्या बाजूला दबून बसलेला, तर टाकीतल्या जुन्या माशांची मारहाण. आठवडा ते तीन आठवड्यांत हळूहळू गेला, तर पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी रोग, फ्लूक म्हणजे चपटे कृमी, किंवा सरळ उपासमार. तुमच्या टँगची लक्षणं पाहता माझा कल व्हेल्व्हेटकडे आहे: धारेत तोंड घालून उभं राहणं, मिठाच्या दाण्यांऐवजी भुकटी दिसणं आणि पाच दिवसांत सगळं संपणं. सूक्ष्मदर्शकाखाली कल्ल्याचा तुकडा न पाहता शंभर टक्के खात्री देता येत नाही. सुदैवाने व्हेल्व्हेट असो की पांढरे ठिपके, पुढची वाट जवळपास एकच आहे.

आधी मासा खचतो कसा ते पाहू, कारण त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. आपल्याकडच्या दुकानांत येणारे बरेच मासे इंडोनेशिया, फिलिपिन्स, श्रीलंका, मालदीव इथल्या प्रवाळांवरून पकडलेले असतात. पाणबुड्या, गोळा करणारा, निर्यातदार, विमान, आयातदार, घाऊक व्यापारी, दुकान, आणि मग तुम्ही. पिशवीतलं पाणी घाण होऊ नये म्हणून प्रत्येक पॅकिंगच्या आधी त्याला एक-दोन दिवस उपाशी ठेवतात, म्हणजे आठवड्याभरात त्याच्या पोटात फारसं काही गेलेलं नसतं. त्यात, समुद्री माशाच्या रक्तातला खारेपणा समुद्राच्या साधारण एक तृतीयांश असतो. त्यामुळे त्याच्या शरीरातलं पाणी अखंड बाहेर ओढलं जातं. तो सतत समुद्राचं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींतून बाहेर टाकतो. या कामाला शक्ती लागते. जाळ्याने अंगावरचा बुळबुळीत थर निघाला, परजीवीने कल्ले सुजवले किंवा मासा उपाशी राहिला, की हा तोल बिघडतो आणि मासा पाण्यात राहून आतून सुकत जातो.

म्हणूनच खारेपणाचा फरक दिशा पाहून हाताळायचा असतो. जास्त खाऱ्या पाण्यातून कमी खाऱ्या पाण्यात मासा बऱ्यापैकी सहज जातो. कल्ल्यांवरचा भार कमीच होतो. उलट दिशेने, कमी खाऱ्यातून जास्त खाऱ्यात, एका तासात नेला तर तो त्या दिवशी ठीक दिसतो आणि दोन दिवसांनी मरतो. बरीच दुकानं टाक्या १.०१८ ते १.०२० वर ठेवतात. मीठ वाचतं आणि काही परजीवींचा जोरही थोडा कमी राहतो. तुमची टाकी १.०२५ वर. दोन तासांच्या ड्रिपमध्ये तुम्ही त्या टँगला नेमकं चुकीच्या दिशेने चढवलंत, आणि चार तास केले असते तरी फरक पडला नसता, कारण या बदलाला माशाच्या शरीराला तास नव्हे, दिवस लागतात.

ड्रिपचा दुसरा धोका पिशवीत असतो. बंद पिशवीत मासा श्वास सोडतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच खाली येतो. मासा अमोनियाही सोडतच असतो, पण कमी पीएचमध्ये तो बहुतांशी अमोनियमच्या रूपात राहतो आणि त्याचा त्रास कमी होतो. तुम्ही पिशवी उघडता, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, वर ८.२ पीएचचं टाकीचं पाणी थेंब थेंब पडायला लागतं. पीएच चढतो आणि तोच साठलेला अमोनिया विषारी होतो. मासा दोन तास त्या पाण्यात कल्ले भाजून घेत बसतो. दहा-वीस मिनिटांवरच्या दुकानातून आणलेल्या माशाला हे फार लागणार नाही. पण कुरिअरने किंवा विमानाने दहा-पंधरा तास पिशवीत बसून आलेल्या माशाला लांब ड्रिप देणं घातकच.

मग करायचं काय? दुकानदाराला निघण्याआधीच विचारा, तुमच्या पाण्याची सॅलिनिटी किती? शक्य असेल तर रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायची दुर्बिणीसारखी नळी) सोबत न्या आणि एक थेंब स्वतः पाहा. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणाने जुळवून घ्या. साध्या पाण्याने शून्यावर आणलेला रिफ्रॅक्टोमीटर वरच्या आकड्यांत चुकू शकतो, आणि काट्याचे प्लास्टिकचे हायड्रोमीटर बुडबुडा चिकटला की काहीही दाखवतात. घरी क्वारंटाइन टाकीचं पाणी मासा यायच्या आधीच दुकानाच्या आकड्यावर आणून ठेवा. पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, तापमान जुळलं की उघडा, आणि मासा लगेच टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत जाऊ द्यायचं नाही. जाळ्याऐवजी छोटं प्लास्टिकचं भांडं वापरा. एंजलफिशच्या गालावरचा काटा जाळीत अडकला तर सोडवताना जखम होते. खोलीतला आणि टाकीचा दिवा त्या संध्याकाळी बंद. मग रोज ०.००१ ते ०.००२ इतकाच खारेपणा वाढवत आठवड्यात १.०२५ वर या.

आता तुमच्या मोठ्या टाकीकडे. पांढऱ्या ठिपक्यांचा समुद्री परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स, माशाच्या कातडीच्या आत शिरून काही दिवस खातो, मग गळून पडतो. वाळूवर, दगडावर, काचेवर चिकटून स्वतःभोवती कोष करतो. त्या कोषात त्याची असंख्य पिलं तयार होतात, आणि ती बाहेर पडल्यावर त्यांना एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. कोष सहसा तीन दिवस ते चार आठवड्यांत फुटतात. पण प्रयोगात ७२ दिवसांनंतरही फुटल्याची नोंद आहे. व्हेल्व्हेट, म्हणजे ॲमिलूडिनियम ओसेलॅटम, याचं चक्र असंच पण खूप वेगवान, आणि तो आधी कल्ल्यांवर बसतो. म्हणून कातडीवर काही दिसायच्या आत मासा गुदमरायला लागतो. तुमचे क्लाउन का वाचले? पूर्वी थोडा संसर्ग झेलून वाचलेल्या माशांमध्ये काही काळ अंशतः प्रतिकारशक्ती येते. ते स्वतः ठणठणीत दिसतात, आणि त्यांच्या अंगावर परजीवीची एक छोटी वस्ती जगत राहते. नवा, उपाशी, दमलेला मासा आला की त्या वस्तीला मोकळं रान मिळतं. क्लीनर श्रिंपच्या भरवशावर राहू नका. क्रिप्टोकॅरिऑन कातडीच्या खाली असतो, श्रिंप तिथे पोचत नाही. लसणाचा रस, ‘रीफ सेफ’ म्हणून विकली जाणारी औषधं, यूव्ही दिवा, यांनी टाकी परजीवीमुक्त झालेली मी पाहिलेली नाही.

तेव्हा उपाय एकच: मोठ्या टाकीतले सगळे मासे, म्हणजे क्लाउनची जोडीसुद्धा, बाहेर काढायचे आणि टाकी ७६ दिवस माशांविना चालू ठेवायची. कोरल, श्रिंप, गोगलगायी तिथेच राहतात, त्यांच्यावर हे परजीवी जगत नाहीत. श्रिंपना थोडं खायला घालत राहा, तेवढ्याने अमोनिया पचवणारे बॅक्टेरियाही जिवंत राहतात. या काळात नवं कोरल किंवा ओला दगड आत गेला, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून, कारण कोष दगडावर बसून येतो. जाळी, बादली, नळी दोन्ही टाक्यांना वेगळी. माशांविना टाकी पाहणं जिवावर येतं, मला माहीत आहे. पण परजीवी असलेल्या टाकीत आणखी एक जीव सोडायचा, यापेक्षा अडीच महिने वाट पाहणं कितीतरी बरं.

क्वारंटाइन टाकीला खर्च फार नाही. दोन फुटी साधी काचेची टाकी, ७० ते ८० लिटर पाण्याची. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, हीटर, थर्मामीटर, घट्ट झाकण. फायरफिश आणि रास एवढ्याशा फटीतून उडी मारतात. लपायला हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसीचे एल्बो आणि टी आणा, मोठ्या व्यासाचे, नवे, नुसत्या पाण्याने धुऊन. चिकटवायचं सोल्यूशन लावलेले जुने तुकडे नकोत. वाळू नको, दगड नको, ते औषध शोषून घेतात. रास जातीचे काही मासे वाळूत पुरून झोपतात, त्यांच्यासाठी एका प्लास्टिकच्या डब्यात थोडी वाळू चालते. स्पंज मोठ्या टाकीच्या सम्पमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) चार-सहा आठवडे आधीच ठेवून मुरवून घ्यायचा असतो, म्हणजे त्यात बॅक्टेरिया बसतात. तुमच्या टाकीत सध्या परजीवी आहे, त्यामुळे हा स्पंज पहिल्या खेपेला क्लाउनसाठीच वापरा, कारण त्यांना औषध द्यायचंच आहे. तोही मुरलेला नसेल तर अमोनियाची तपासणी रोज, आणि आकडा शून्याच्या वर दिसला की त्याच दिवशी पाणी बदला. मिसळलेलं खारं पाणी नेहमी एक पिंपभर तयार असू द्या.

औषध म्हणजे तांबं. तांबं कातडीतल्या परजीवीला मारत नाही, पाण्यात मोकळ्या फिरणाऱ्या पिलांना मारतं. म्हणून ते सलग, एकाच पातळीवर, ३० दिवस राहावं लागतं. एक दिवस पातळी खाली गेली की त्या दिवशी सुटलेली पिलं माशावर चढतात आणि महिना वाया जातो. चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रसायनाशी बांधलेल्या, तांब्याच्या बऱ्याच औषधांना २.० ते २.५ पीपीएम पातळी लागते. दुसऱ्या प्रकारच्या औषधांची पातळी याहून खूप कमी असते, त्यामुळे बाटलीवरचा आकडाच प्रमाण मानायचा. दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवा आणि भरवशाच्या तांब्याच्या चाचणीने, शक्यतो डिजिटल चेकरने, मोजत राहा. नजरेने रंग जुळवण्याच्या किटवर चिलेटेड तांब्याचा फरक नीट कळत नाही. अमोनिया बांधून ठेवणारी रसायनं तांब्याबरोबर वापरू नका. काहींमुळे तांबं एकदम जास्त विषारी होतं. आणि एक कळकळीने सांगतो: कृषी सेवा केंद्रातून मोरचूद (कॉपर सल्फेट) आणून चिमटीने टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका. पिकांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणाच्या मोरचुदात आणखी काय आहे हे माहीत नसतं, आणि मासा जगण्याची पातळी व मरण्याची पातळी यांत अंतर फार थोडं आहे. ज्या टाकीत तांबं गेलं ती कायम क्वारंटाइनचीच; श्रिंप किंवा कोरल तिथे कधीच नाही.

सगळ्यांना तांबं सोसत नाही. मँडरिन, काही रास, छोटे एंजल यांच्या बाबतीत मी टाकी बदलण्याची पद्धत वापरतो. दोन टब किंवा दोन टाक्या घ्यायच्या. मासा एका टाकीत फार तर ७२ तास ठेवायचा, मग आधी पूर्ण कोरड्या केलेल्या आणि नवं पाणी भरलेल्या दुसऱ्या टाकीत. असे चार बदल. गळून पडलेला परजीवी कोषातून फुटायच्या आत मासा पुढे गेलेला असतो. औषधाचा थेंबही लागत नाही. पांढऱ्या ठिपक्यांवर ही पद्धत उत्तम. व्हेल्व्हेटवर मात्र एकटीच्या भरवशावर राहू नये.

तांबं फ्लूकवर चालत नाही, आणि माझ्या मते घरच्या टाक्यांत सगळ्यात जास्त नजरेतून सुटणारा रोग हाच. मासा एकच कल्ला उघडतो, दुसरा मिटून धरतो. मध्येच डोकं झटकतो. डोळा धुरकट होतो. पण ठिपका एकही नसतो. यासाठी प्राझिक्वांटेल हे कृमिनाशक, दोन मात्रा, मध्ये साधारण आठवडा, कारण पहिली मात्रा कृमी मारते, अंडी नाही. देताना एअर पंप जोरात ठेवा. शंका असेल तर गोड्या पाण्याची डुबकी द्यावी: आरओचं पाणी, तासभर हवा सोडलेलं, तापमान टाकीइतकंच, पीएच जुळवायला थोडा खायचा सोडा. काळ्या बुडाच्या भांड्यात मासा पाच मिनिटं ठेवा. पहिले काही सेकंद तो तडफडतो किंवा आडवा होतो, मग बहुतेक वेळा शांत होतो. नाही झाला तर लगेच काढा. कृमी असतील तर ते पांढरे पडून कोंड्यासारखे भांड्याच्या तळाशी दिसतात. एकदा पाहिलं की ओळख पटते. ब्रुकलिनेला मात्र वाट पाहू देत नाही. एक-दोन दिवसांत मासा नेतो, तांब्याला दाद देत नाही आणि त्याला फॉर्मॅलिन लागतं; ते काम जाणत्या माणसाला विचारूनच, हातमोजे घालून करा.

आणि या सगळ्याच्या आधी खाणं. जो मासा खात नाही त्याला मी सहसा तांबं सुरू करत नाही. आधी दोन-तीन दिवस शांतता आणि अन्न. अपवाद व्हेल्व्हेटचा, तिथे थांबायला वेळ नसतो. गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) ठीकच आहेत, पण आपल्या किनाऱ्यावर त्याहून चांगली गोष्ट मासळी बाजारात मिळते: ताजा ओला जवळा. स्वच्छ धुऊन, पातळ पसरून डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा, मग थोडा थोडा तोडून द्या. सुका जवळा नको, त्यात मीठ असतं आणि मासा तोंडात घेऊन थुंकतो. कॉपरबँड बटरफ्लायसारखा हट्टी मासा कशालाच तोंड लावत नसेल तर बाजारातल्या तिसऱ्यांपैकी (खायच्या शिंपल्यांपैकी) एक उघडून, अर्ध्या शिंपल्यासकट तळाशी ठेवा. त्याची लांब चोच शिंपल्यात शिरते, एक तुकडा निघतो, आणि एकदा चव लागली की दोन-चार दिवसांत तो तुमच्या हातातल्या चिमट्याकडे यायला लागतो. न खाल्लेलं तासाभरात काढून टाका. टँगना रोज नोरीची (वाळवलेल्या समुद्री शेवाळाची) पट्टी, मसाला न लावलेली. दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्या. मँडरिन मात्र दिवसभर जिवंत कोपेपॉड (सूक्ष्म कवचधारी जीव) टिपत फिरणारा मासा आहे. नव्या किंवा छोट्या टाकीत तो दोन महिन्यांत हळूहळू वाळून जातो, त्याला घेऊच नका.

आपल्याकडच्या पाण्याबद्दल दोन गोष्टी, ज्या परदेशी पुस्तकांत सापडत नाहीत. घरच्या प्युरिफायरचं पाणी आरओ असलं तरी त्यात चव यावी म्हणून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं, आणि हल्ली बऱ्याच मॉडेल्समध्ये मुद्दाम तांबं सोडणारं कार्ट्रिज असतं. माणसाला ते चालतं, श्रिंप आणि कोरलला नाही. मेंब्रेनमधून निघालेलं पाणी या कार्ट्रिजच्या आधीच वेगळं घ्या, पुढे उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन लावा, आणि टीडीएस शून्याजवळ आल्याशिवाय त्यात मीठ मिसळू नका. मीठ घातल्यावर पाणी पॉवरहेड लावून एक दिवस फिरू द्या. समुद्रावरून पाणी भरून आणण्याचा मोह टाळा. मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी सांडपाण्याने खराब आहे आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणाही बराच उतरतो.

दुसरी गोष्ट उन्हाळा. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, तेवढ्याच तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात पावणेसात. ३० अंशांवर हे सव्वासहापर्यंत येतं, आणि नेमकं तेव्हाच माशाला ऑक्सिजन जास्त लागतो. ज्याचे कल्ले आधीच सुजलेत तो पहाटे मरतो, कारण रात्रभर शैवाल आणि कोरलही तोच ऑक्सिजन वापरत असतात. एप्रिल-मे मध्ये नवा मासा आणायचा असेल तर क्वारंटाइन टाकीचंही तापमान २६ च्या आसपास राहील याची सोय आधी करा. पृष्ठभागावर पंखा लावला तर पुण्यासारख्या कोरड्या हवेत दोन-तीन अंश उतरतात, ठाण्या-मुंबईच्या दमट हवेत त्याहून कमी. तिथे चिलर किंवा एसीची खोली. बाष्पीभवनाने उडालेलं पाणी नुसत्या आरओने भरा, खाऱ्या पाण्याने नाही, नाहीतर सॅलिनिटी रोज चढत जाते. वीज जाते त्या वेळेसाठी बॅटरीवरचा एअर पंप घरात असायलाच हवा.

खरेदी करताना घाई करू नका. क्रॉफर्ड मार्केट असो, कुर्ला असो की घराजवळचं दुकान, मासे आले त्याच दिवशी उचलू नका. ॲडव्हान्स देऊन मासा आठवडाभर तिथेच ठेवायला सांगा आणि घेताना डोळ्यांदेखत खाताना पाहा. निळ्या दिव्यात ठिपके लपतात, पांढरा दिवा लावायला सांगा. डोक्यामागचा भाग खोल गेलेला, पोट आत ओढलेलं, श्वास त्याच जातीच्या शेजारच्या माशापेक्षा भरभर, यातलं काहीही दिसलं तर सोडून द्या. बऱ्याच दुकानांत सगळ्या टाक्या एकाच सम्पला जोडलेल्या असतात. एका टाकीत आजारी मासा असेल तर बाकीच्या सगळ्यांना त्याच पाण्यातला समजा. पकडताना सायनाइड वापरलेले मासे दक्षिण-पूर्व आशियातून अजूनही येतात. ते छान दिसतात, खातातही, आणि नंतर कारण न कळता जातात. म्हणून जिथे पर्याय आहे तिथे हॅचरीत, म्हणजे पैदास केंद्रात, वाढलेला मासाच मागा. क्लाउनच्या पैदाशीचं तंत्र सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तामिळनाडूतल्या मंडपम आणि केरळातल्या विळिंजम इथे बसवलेलं आहे, आणि आपल्या ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाउनची हॅचरी आहे. हे मासे गोळी अन्न खायला शिकलेले असतात, त्यांनी विमानं आणि पिशव्याही कमी पाहिलेल्या असतात. समुद्रघोडा किंवा आपल्या किनाऱ्यावरचं प्रवाळ कुणी गुपचूप देत असेल तर घेऊ नका. दोन्हींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

७६ दिवसांनंतर आधी क्लाउन परत जातील. त्यानंतरचा प्रत्येक नवा मासा क्वारंटाइन पुरं करून, एका वेळी एक किंवा फार तर दोन, आणि दोन खेपांमध्ये महिन्याचं अंतर. बॅक्टेरियांना वाढलेल्या विष्ठेशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. जुन्या माशांनी टाकी वाटून घेतलेली असते, म्हणून नव्याला पहिले तीन-चार दिवस भोकं पाडलेल्या ॲक्रिलिकच्या डब्यात टाकीच्या आत टांगून ठेवा. ते एकमेकांना पाहतात, मारता येत नाही, आणि तुम्हाला कळतं की कोण त्रास देणार. आधी शांत मासे, सगळ्यात शेवटी दांडगे. डॅमसेल स्वस्त आहेत म्हणून घेऊ नका. एक डॅमसेल पुढच्या दहा माशांना टाकीत बसू देत नाही, आणि नंतर त्याला पकडायला अर्धी टाकी उपसावी लागते.

ब्लू टँग पुन्हा आणू का, असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. आणू नका. पूर्ण वाढलेला ब्लू टँग फूटभर होतो, त्याला पोहायला ३०० लिटरची टाकी पुरत नाही. शिवाय परजीवी लागण्यात टँग जातीचा नंबर पहिला. तुमच्या टाकीला रॉयल ग्रामा, फायरफिश, किंवा एखादा शांत गोबी शोभेल आणि टिकेल. आज बाजारातून आणायच्या वस्तू म्हणजे दोन फुटी टाकी, स्पंज फिल्टर, हीटर, तांब्याचा चेकर आणि मोठे एल्बो. टाकीचं पाणी भरून, तापमान आणि सॅलिनिटी दोन दिवस स्थिर राहिली की क्लाउन काढा. ते काढायला सोपी वेळ रात्रीची, दिवे बंद झाल्यावर तासाभराने. ते रोजच्या झोपायच्या जागेवर पडून असतात आणि छोट्या टॉर्चच्या उजेडात भांड्यात अलगद येतात.